ओटीतले ब्लाऊज पीस, आईच्या सुती साड्या आणि शिंप्याकडची कतरण: यांतून रंग न जाणारी गोधडी कशी करावी?

कळवेकर यांची विचारणा

नमस्कार. मी ठाण्यात कळव्याला राहते आणि नोकरीतून निवृत्त झाल्यापासून घरातल्या जुन्या कापडांतून काही ना काही शिवत असते. माझ्या भाचीला येत्या पौषात बाळ होणार आहे. तिच्यासाठी एक गोधडी, दोन दुपटी आणि एक कुंची करावी आणि उरलेल्या तुकड्यांतून स्वयंपाकघरात उपयोगी पडतील अशा वस्तू शिवाव्यात, असा विचार आहे. विकतचे साहित्य कमीत कमी घ्यायचे, पण वस्तू रंगीत आणि टिकाऊ व्हायला हव्यात, एवढीच माझी अट आहे.

घरात जमलेले साहित्य तीन प्रकारचे आहे. आईच्या दोन नऊवारी सुती साड्या आहेत, त्या धुऊन धुऊन लोण्यासारख्या मऊ झाल्या आहेत. वीसेक वर्षांच्या हळदीकुंकवांत आणि मुंजी-लग्नांत ओटीत आलेले ब्लाऊज पीस आहेत. (यांतले निम्मे मी पुढे दुसऱ्यांच्या ओटीत घातले, त्यातले काही फिरून माझ्याकडेच परत आले असावेत, असा मला दाट संशय आहे.) तिसरे म्हणजे आमच्या ओळखीच्या शिंप्याने दिलेली पिशवीभर कतरण.

अडचण अशी आहे की गेल्या वर्षी मी याच साहित्यातून एक लहान गोधडी शिवली होती आणि ती पहिल्याच धुण्यात बिघडली. मधोमध लावलेल्या लाल तुकड्याचा रंग सुटला आणि भोवतीच्या साय रंगाच्या पट्टीवर, कुंकू पावसात भिजावे तसे ओघळ आले. शिवाय दोन ठिकाणी कापड असे आकसले की गोधडी जमिनीवर सपाट बसतच नाही. रंग पक्का होण्यासाठी कापड मिठाच्या पाण्यात भिजवावे असे शेजारच्या काकूंनी सांगितले होते, त्याप्रमाणे मी रात्रभर भिजवलेही होते. तरी असे का झाले? कोणते तुकडे घ्यावेत आणि कोणते टाकावेत, हे शिवण्याआधीच कसे ओळखावे? आणि फिकट झालेल्या साड्यांना घरच्या घरी बाळाला चालेल असा रंग देता येईल का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

ऐरोलीकर यांचे उत्तर

ताई, तुमच्या गोधडीचा दोष शिवणकामात नसून निवडीत आहे, असे मला तुमच्या वर्णनावरून वाटते. फुकट किंवा स्वस्तात मिळालेल्या कापडाची मोठी खोड ही की त्यात सगळ्या जातींची सरमिसळ असते. एकाच पिशवीत सुती, पॉलिस्टर, दोन्हींचे मिश्रण, होजियरी (बनियनसारखे ताणले जाणारे विणीचे कापड) आणि अस्तराचे कापड एकत्र येते आणि रंगाच्या मोहात आपण ते शेजारी शेजारी जोडतो. धुतल्यावर कोरे सुती कापड आटते, पॉलिस्टर जवळजवळ आटत नाही आणि होजियरी ताणली जाते. मग तीनही ठिकाणची शिवण आपापल्या दिशेने ओढू लागते. तुमचे आकसलेले दोन भाग नीट पाहा. तेथे एका बाजूला ताणले जाणारे कापड किंवा उरेप (म्हणजे धाग्याला तिरका) कापलेला तुकडा सापडेल, असा माझा अंदाज आहे.

जात ओळखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे प्रत्येक तुकड्याचे चार धागे काढून ते चिमट्यात धरून मेणबत्तीवर जाळून पाहणे. हे मोरीत किंवा पाण्याच्या बादलीजवळच करावे. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि त्याची बोटांनी भुकटी होणारी मऊ राख पडते. पॉलिस्टर आधी आखडते, मग वितळते आणि शेवटी काळा टणक मणी उरतो. मिश्र कापडात राख आणि मणी दोन्ही दिसतात. ओटीतल्या ब्लाऊज पीसवर हा प्रयोग अवश्य करा, कारण त्यांवर ‘रुबिया’ (म्हणजे ब्लाऊजचे तलम सुती कापड) असे लिहिलेले असले तरी पुष्कळदा ते मिश्रच निघतात. माझ्याकडच्या एका गठ्ठ्यात तेवीसपैकी फक्त नऊ पूर्ण सुती निघाले होते.

रंगाची परीक्षा वेगळी करायची. तुकडा गरम पाण्यात पांढऱ्या जुन्या रुमालात गुंडाळून अर्धा तास ठेवावा आणि मग पिळावा. रुमालावर डाग आला तर तो तुकडा साबणाच्या गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुवावा. तीन-चार धुण्यांनंतरही पाणी रंगीतच निघत असेल, तर त्याचा लोभ सोडावा किंवा तो अशा वस्तूला लावावा जिच्यात फिकट रंग नाही. मिठाबद्दल तुमच्या शेजारणीचा समज फार रूढ आहे. रंगवताना रंग धाग्याकडे ढकलण्यासाठी मिठाचा उपयोग होतो हे खरे, पण कारखान्यातून रंगून आलेल्या कापडावर जो सुटा रंग राहिलेला असतो तो घरी मिठाने, तुरटीने किंवा व्हिनेगरने पक्का होत नाही. तो धुऊन काढून टाकणे हाच उपाय आहे. लाल, गडद निळा आणि काळा यांच्याबाबत विशेष सावध राहावे.

आता साड्यांचा हिशेब. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. बाळाच्या गोधडीला तीन फूट लांबी पुरते आणि साडीचा पन्हा साधारण पावणेचार फूट असतो, म्हणून एका नऊवारीतून हिशेबाने नऊ थर निघतात. विरलेला भाग आणि पदर वगळला तरी सहा-सात थर कोठेच गेले नाहीत. आपल्या ठाण्या-बेलापूरच्या हवेत बाळाच्या गोधडीला तळाचा एक, मधले दोन आणि वरचा रंगीत एक असे चारच थर पुरे होतात. तेव्हा एकाच साडीत गोधडी आणि दोन्ही दुपटी होतील. दुसरी साडी राखून ठेवा. विरलेले कापड मधल्या थरात घालावे, वर कधीही लावू नये. उजेडासमोर धरून पाहिल्यावर जेथे कापड चाळणीसारखे दिसते तेथे टाका टिकत नाही.

शिवताना तळाचा थर जमिनीवर पसरून चारही कोपऱ्यांवर वजने ठेवावीत. मी वरवंटा, दोन तांबे आणि मिठाची बरणी ठेवते. त्यावर एकेक थर हाताने मध्यापासून कडेकडे निपटत पसरावा आणि लांब लांब कच्चा धावदोरा आधी दोन तिरक्या रेघांत, मग फुली छेदून उभा-आडवा घालावा. हा कच्चा दोरा घालण्याचा कंटाळा करू नका. पक्का धावदोरा दुहेरी सुती दोऱ्याने, दोऱ्याला मेण ओढून घालावा आणि ओळींत दोन बोटांचे अंतर ठेवावे. एका इंचात तीन टाके आले तरी पुष्कळ झाले. सगळे टाके एकसारखे यावेत म्हणून फार जपू नका, जुन्या गोधड्यांवरही हाताचा चढउतार दिसतोच.

एक गोष्ट आवर्जून सांगते. मी बाळाच्या गोधडीला बटणे, आरसे, लोंबते गोंडे लावत नाही, कारण ती निघून तोंडात जाण्याचा धोका असतो. तसेच, पहिले वर्ष झोपलेल्या बाळावर सैल पांघरूण टाकू नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्यामुळे ही गोधडी बाळ जागे असताना जमिनीवर अंथरायला, मांडीवर घ्यायला आणि पुढे मोठेपणी पांघरायला, अशाच बेताने करावी.

नेरूळची रंगारीण यांचे उत्तर

वरील उत्तर उत्तम आहे. मी फक्त रंगाबद्दल लिहिते, कारण तुमचा तिसरा प्रश्न अजून तसाच आहे.

फिकट साड्यांना घरी रंग देता येतो आणि तो जवळजवळ फुकट देता येतो. माझा भरवशाचा रंग म्हणजे कांद्याची साले. वाशीच्या एपीएमसी बाजारातल्या कांदा-बटाटा विभागात गाळ्यांपुढे सालांचे ढीग पडलेले असतात आणि ती उचलून नेली तर सहसा कोणी पैसे मागत नाही. फक्त ‘याचे करणार काय?’ या प्रश्नाला उत्तर तयार ठेवावे. घरातली साले सुकवून कागदी पिशवीत साठवली, तरी चार-सहा महिन्यांत एका दुपट्यापुरती होतात.

कृती मोजमापाने सांगते. समजा सुके कापड ५०० ग्रॅम आहे. ते आधी साबणाने आणि थोड्या धुण्याच्या सोड्याने उकळून घ्यावे, म्हणजे जुनी खळ आणि तेलकटपणा निघून जातो. सुती धाग्याला तुरटी एकटी नीट धरत नाही, म्हणून आधी हिरड्याची पूड ७५ ग्रॅम कोमट पाण्यात कालवून त्यात कापड रात्रभर ठेवावे, पिळून न धुता वाळवावे. दुसऱ्या दिवशी ७५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात कापड आणखी एक रात्र ठेवावे आणि नंतर हलके खळबळून घ्यावे. कापडाच्या वजनाइतकी सुकी साले तासभर उकळून पाणी गाळून घ्यावे आणि त्या पाण्यात कापड तासभर मंद आचेवर ढवळत राहावे. ढवळणे थांबले की घडीच्या जागी डाग पडतात, माझ्या पहिल्या दुपट्यावर पातेल्याच्या बुडाचा पूर्ण चंद्र उमटला होता. रंग गडद सोनेरी ते तपकिरी येतो. साले निम्मी घेतली तर फिकट मधाचा रंग येतो. भांडे स्टीलचे आणि स्वयंपाकासाठी पुन्हा न वापरायचे असावे.

दसरा-दिवाळीनंतर निर्माल्यातला झेंडू वाळवून ठेवावा, याच कृतीने त्याचा स्वच्छ पिवळा रंग येतो. डाळिंबाच्या सालीत मुळातच तुरटपणा असल्याने तिला हिरड्याची गरज पडत नाही. गंजलेले खिळे गुळाच्या पाण्यात पंधरा दिवस मुरवून जे काळसर पाणी तयार होते, त्यात रंगवलेले कापड पाच मिनिटे बुडवले तर पिवळ्याचा शेवाळी आणि डाळिंबाचा करडा होतो. मात्र लोहाचा अतिरेक झाला तर सुती धागा कालांतराने कुजतो, म्हणून हात आखडता ठेवावा. मोरचूद वापरल्यास सुंदर हिरवट छटा येते असे सांगणारे भेटतील, पण ते विषारी आहे, तेव्हा बाळाच्या कापडाच्या आसपासही आणू नका.

हळद, बीट आणि जास्वंद यांच्या नादी लागू नये. बीट आणि जास्वंद दोन धुण्यांत ओसरतात. हळद सुती कापडाला चटकन धरते, पण उन्हात उडते आणि साबण लागताच लाल होते, हे आपल्यापैकी प्रत्येकीने पदरावर पाहिलेले आहे. निळा किंवा गुलाबी हवाच असेल, तर बाटिक शिकवणाऱ्या वर्गांत जो प्रोसियन रंग वापरतात तो घ्यावा. तो धुण्याच्या सोड्याच्या साहाय्याने सुती धाग्याशी पक्का जोडला जातो. वापरताना हातमोजे घालावेत, पूड नाकात जाऊ देऊ नये आणि शेवटी पाणी स्वच्छ निघेपर्यंत गरम पाण्याने धुवावे. आमच्या खाडीवर हिवाळ्यात येणाऱ्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी मला कांद्याच्या सालींतून काही मिळाला नाही, तो शेवटी प्रोसियननेच दिला.

कोणतीही रंगवलेली वस्तू सावलीत वाळवावी. आणि हे सर्व आत्ता भाद्रपदात करू नका. आमच्याकडे दोन दिवस कापड दमट राहून त्यावर काळे ठिपके धरले होते. पाऊस सरू द्या.

कोपरीचा सुईदोरा यांचे उत्तर

ऐरोलीकरांच्या एका मुद्द्यात भर घालावीशी वाटते. थर मध्यापासून निपटावेत हे बरोबर, पण पक्का धावदोरा कोठून सुरू करावा ते त्यांनी लिहिले नाही आणि पुस्तकांत किंवा व्हिडिओंत सांगतात तसा मध्यापासून करावा, असे वाचणाऱ्याला वाटेल. माझी आजी नेहमी कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन असे आत येत असे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रिया ज्या गोधड्या शिवतात, त्यांना कवंदी म्हणतात, त्याही अशाच कडेकडून मध्याकडे शिवल्या जातात आणि चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची ‘फुले’ लावल्याशिवाय त्या पुऱ्या मानल्या जात नाहीत. या पद्धतीत वरचा रंगीत थर आधी जोडून घ्यावा लागत नाही. कडा आत दुमडलेला एकेक तुकडा थेट थरांवर ठेवायचा, पुढचा त्याच्या कडेवर थोडा चढवायचा आणि धावदोरा पुढे न्यायचा. वेड्यावाकड्या कतरणीसाठी याहून सोयीची रीत मला माहीत नाही, कारण मापाने कापण्यात जे वाया जाते ते यात वाचते.

स्वयंपाकघरातल्या वस्तूंबद्दल एकच सावधगिरी सांगतो. गरम भांडे धरण्याच्या फडक्यात पॉलिस्टरचा एकही थर नको, ते वितळून हाताला चिकटते. जुन्या जीन्सचे दोन थर आणि मध्ये जुन्या टर्किश टॉवेलचा एक थर, कडेने सुती उरेप पट्टी, इतके पुरते. जीन्ससाठी मशीनला १६ नंबरची सुई लावा. ११ नंबरची लावाल तर ती मोडेल आणि टाकेही सुटतील.

जळून पाहण्याच्या परीक्षेत जे पॉलिस्टर आणि होजियरी नापास झाले, ते फेकू नका. त्याच्या इंचभर रुंद पट्ट्या कापून तीन पेडी वेणी घालावी आणि ती जमिनीवरच सपाट ठेवून गोल गोल गुंडाळत टाके घालत जावे. हातात धरून शिवली तर पायपुसण्याची वाटी होते, माझ्या पहिल्या पायपुसण्यात मांजर झोपत असे. पॉलिस्टर पाणी शोषत नाही, म्हणून मोरीपुढच्या पायपुसण्यात निदान एक पेड जुन्या बनियनचा असू द्या.

उल्हासनगरवाला यांचे उत्तर

साहित्य विकत घ्यायचेच असेल तर दोन शब्द. उल्हासनगर जीन्सच्या शिवणकामासाठी प्रसिद्ध आहे आणि तेथे कापडाची कतरण किलोवर मिळते, मात्र पोते उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये, वर चांगले आणि तळाशी अस्तर असा प्रकार असतो. गोधडीच्या तळासाठी भिवंडीच्या यंत्रमागांचे कोरे सुती कापड किंवा मांजरपाट स्वस्त पडते. ते शिवण्याआधी गरम पाण्यात धुऊन आटवून घ्या. आणि बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये एकदा नुसते पाहायला जा. तेथे वेगवेगळ्या प्रांतांचे कारागीर येतात, रंग शेजारी शेजारी कसे ठेवावेत हे त्यांच्या मालाकडे पाहून जितके कळते तितके लिहून सांगता येत नाही. आमच्या घरी आजीने सिंधमधून आणलेली रल्ली, म्हणजे तिकडची तुकड्यांची गोधडी, आहे. तिच्यात काळा, लाल, पांढरा आणि पिवळा असे मोजके चारच रंग आहेत, पण खोलीत शिरल्यावर पहिली नजर तिच्यावरच जाते.

कळवेकर यांचा प्रतिसाद (दिवाळीनंतर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उशिरा लिहीत आहे, कारण पाऊस सरेपर्यंत थांबले होते.

एकतीस ब्लाऊज पिसांपैकी बारा पूर्ण सुती निघाले. लाल रंगाच्या चार तुकड्यांपैकी एकच रुमालाच्या परीक्षेत उतरला. नवी गोधडी कोपरीकरांनी सांगितल्याप्रमाणे कडेपासून सुरू केली आहे आणि चारही कोपऱ्यांना फुले लावली आहेत. अजून मध्यावर वीतभर जागा राहिली आहे. दुपटी कांद्याच्या सालींत रंगवली, ती गुळाच्या रंगाची झाली. कुंचीला आतून आईच्या साडीचे अस्तर लावले आणि शिवणीची कड बाहेरच्या बाजूस ठेवून तिच्यावर पट्टी मारली, म्हणजे बाळाच्या कानाला काही टोचायला नको.

बिघडलेल्या जुन्या गोधडीचे काय करावे हे मी विचारले नव्हते, पण ती सतत डोळ्यांसमोर होती, म्हणून एक दिवस तीही हिरडा, तुरटी करून सालींच्या पाण्यात बुडवली. साय रंगाची पट्टी आणि तिच्यावरचे गुलाबी ओघळ एकाच तपकिरी रंगात मिसळून गेले. दोन तुकड्यांनी मात्र रंग अजिबात घेतला नाही. ते पूर्वीसारखेच पोपटी आणि चकचकीत राहिले आणि नेमके त्यांच्याच कडेला गोधडी आकसलेली आहे, म्हणजे कापडांच्या सरमिसळीबद्दल ऐरोलीकरांनी लिहिले ते खरे होते. शिवायला मी दुकानातला नेहमीचा पॉलिस्टरचा दोरा वापरला होता, हेही तेव्हाच कळले, कारण त्यानेही रंग घेतला नाही. आता तपकिरी जमिनीवर माझा प्रत्येक टाका पांढरा शुभ्र दिसतो, वाकडे टाके तर फारच स्पष्ट दिसतात. ती गोधडी मी स्वतःसाठी ठेवली आहे. ते दोन पोपटी तुकडे उसवून पायपुसण्यात घालावेत की तसेच राहू द्यावेत, हे अजून ठरत नाही.